विद्यार्थी चित्रपटासाठी चित्रपटप्रकाराची निवड

विद्यार्थी चित्रपटासाठी चित्रपटप्रकाराची निवड ही चित्रपट, माध्यमशास्त्र किंवा जनसंवाद या विषयांच्या अभ्यासक्रमातील प्रकल्पाची पहिली आणि पुढील सर्व टप्प्यांवर परिणाम करणारी पायरी होय. हाती असलेला विषय कथापट, माहितीपट, विनोदी लघुपट, भयपट, लोककथापट, सचेतपट की प्रयोगशील चित्रपट यांपैकी कोणत्या रूपात मांडायचा, याचा निर्णय या पायरीत होतो. संहितेचे स्वरूप, चित्रीकरणाचे दिवस, खर्च, लागणारी माणसे, परवानग्या आणि संकलनाची पद्धत या बाबी या निर्णयावर अवलंबून असतात. मराठीत या प्रक्रियेची सर्वांत परिचित उदाहरणे पुण्याच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेतील उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील महाविद्यालयात शिकत असताना नागराज मंजुळे यांनी केलेला 'पिस्तुल्या' ही होत. प्रस्तुत लेखात या निवडीचे सर्वसाधारण निकष दिले असून मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याच्या परिसरात ते कसे लागू पडतात याचेही विवेचन केले आहे.

संज्ञा

'चित्रपटप्रकार' या अर्थी मराठीत 'जॉनर' हा मूळ फ्रेंच शब्दही रूढ आहे. समान आशय, समान मांडणी आणि प्रेक्षकाच्या समान अपेक्षा असलेल्या चित्रपटांचा गट म्हणजे चित्रपटप्रकार, अशी त्याची ढोबळ व्याख्या करता येते. प्रकार आणि विषय या भिन्न गोष्टी आहेत. दुष्काळ हा विषय आहे. त्यावर माहितीपट, शोकात्म कथापट किंवा उपहासपट यांपैकी काहीही होऊ शकते. प्रकार आणि लांबी यांतही गल्लत होते. 'लघुपट' हे लांबीचे नाव आहे, प्रकाराचे नव्हे. भारतीय परंपरेत भरताच्या नाट्यशास्त्रातील रसविचार या संकल्पनेच्या जवळचा आहे. प्रेक्षकाच्या मनात प्रधान भाव कोणता जागवायचा हा प्रश्न तेथेही केंद्रस्थानी आहे. मात्र रस हा अनुभवाचा, तर चित्रपटप्रकार हा मांडणीच्या संकेतांचा विचार असल्याने दोन्ही एकच मानता येत नाहीत.

पार्श्वभूमी

भारतीय चित्रपटाच्या आरंभीच प्रकारांची विविधता दिसते. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) हा पौराणिक चित्रपट काढण्यापूर्वी बीजापासून रोप वाढतानाचे टप्प्याटप्प्याने चित्रण करून एक छोटी फीत तयार केली होती. चित्रपटनिर्मितीची प्रक्रिया दाखवणारा माहितीपट आणि 'पिठाचे पंजे' हा विनोदी लघुपट हेही त्यांच्याच नावावर आहेत. पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाने संतपट या खास मराठी प्रकाराला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवून दिली. प्रभातच्याच पुण्यातील जागेत १९६० मध्ये चित्रपट संस्था सुरू झाली आणि अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्याने स्वतंत्र चित्रपट करण्याची पद्धत तेथे रुळली.

महाराष्ट्रातील बहुतेक विद्यार्थ्यांचा दृश्यकलेशी पहिला परिचय मात्र चित्रपटाऐवजी रंगमंचावरून होतो. पुण्यातील पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून भरते. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांतून एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय आणि लोककला सादर होतात. त्यामुळे विद्यार्थी चित्रपटांत संवादप्रधान, एकाच खोलीत घडणाऱ्या, शेवटी कलाटणी देणाऱ्या एकांकिकेच्या घाटाचा प्रभाव आढळतो. या घाटामुळे प्रसंगाची एकता साधते. परंतु जे डोळ्यांना दिसायला हवे ते पात्रांच्या तोंडून सांगितले जाण्याचा धोकाही त्यातूनच येतो.

निवडीवर परिणाम करणारे घटक

लांबी : विद्यार्थी चित्रपट प्रायः पाच ते तीस मिनिटांचा असतो. इतक्या अवधीत एक पात्र, एक अडचण आणि एक बदल एवढेच नीट मावते. अनेक पिढ्यांची कहाणी, गुंतागुंतीची तपासकथा किंवा संपूर्ण जीवनचरित्र यांसाठी हा अवधी अपुरा पडतो.

वेळ आणि ऋतू : माहितीपटाला चित्रीकरणाचे दिवस अधिक लागतात, परंतु ते विखुरलेले असू शकतात. कथापटाला दिवस कमी पुरतात. मात्र त्या दिवसांत सर्व कलावंत, जागा आणि साहित्य एकत्र उपलब्ध असावे लागते. विषय शेती, जत्रा किंवा स्थलांतर यांच्याशी निगडित असल्यास शैक्षणिक सत्राचा आणि त्या घटनेचा काळ जुळतो का, हे आधी पाहावे लागते.

ध्वनी : प्रेक्षक अंधूक चित्र काही काळ सहन करतात, न ऐकू येणारा संवाद करत नाहीत. स्वतंत्र ध्वनिमुद्रक आणि योग्य मायक्रोफोन नसल्यास संवादप्रधान प्रकार टाळून कमी बोलणारा कथापट किंवा नंतर निवेदन जोडता येईल असा माहितीपट निवडणे सोयीचे ठरते.

अभिनय : प्रौढ, अनुभवी नट न मिळाल्याने विद्यार्थीच दाढीमिशा लावून वडीलधाऱ्यांच्या भूमिका करतात, असे पुष्कळदा घडते. गंभीर कथापटात याने विश्वासार्हता जाते. विनोदी किंवा शैलीबद्ध चित्रपटात तीच गोष्ट खपून जाते.

पोहोच : ज्या जागेत, ज्या माणसांत विद्यार्थ्याला सहज वावरता येते, ती त्याची खरी साधनसंपत्ती असते. महागडा कॅमेरा भाड्याने मिळतो, एखाद्या कुटुंबाचा विश्वास मात्र भाड्याने मिळत नाही.

प्रमुख प्रकार आणि त्यांच्या मागण्या

वास्तववादी कथापट हा विद्यार्थ्यांचा सर्वाधिक पसंतीचा प्रकार आहे. खऱ्या जागा, नैसर्गिक प्रकाश आणि अननुभवी कलावंत त्यात चालतात. बालपात्र केंद्रस्थानी असलेल्या चित्रपटांची संख्या यात मोठी आहे. इराणमधील अब्बास किआरोस्तमी यांचा 'द ब्रेड अँड अ‍ॅली' (१९७०) हा पहिला लघुपट याच जातीचा असून पाव घेऊन घरी निघालेला मुलगा आणि वाट अडवणारा कुत्रा एवढाच त्याचा ऐवज आहे.

माहितीपटात संहितेपेक्षा संशोधनाला आणि संकलनाला अधिक वेळ जातो. केवळ मुलाखतींची मालिका झाली तर तो चित्रित वृत्तलेख बनतो. एखादी प्रक्रिया आरंभापासून अखेरपर्यंत, किंवा एखादी व्यक्ती निर्णयाच्या काळात टिपता आली तर त्याला कथेची गती येते.

विनोदी लघुपट स्वस्त वाटतो, पण त्याची वेळ साधणे कठीण असते. विनोद चित्रीकरणाच्या वेळी जेवढा घडतो तेवढाच संकलनात घडतो किंवा बिघडतो.

भयपट आणि गूढपट यांना थोड्या पात्रांत आणि एका जागेत निभावता येते. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांमुळे या प्रकाराचा वाचक तयार आहे. यात भीती दिसण्यापेक्षा ऐकू येण्यावर अधिक अवलंबून असल्याने ध्वनिरचनेचे कौशल्य अनिवार्य ठरते.

ऐतिहासिकपट विद्यार्थ्यांना आकर्षित करतो; तथापि वेशभूषा, शस्त्रे, वाहने आणि विजेच्या तारा नसलेले परिसर यांची व्यवस्था बहुधा प्रकल्पाच्या आवाक्याबाहेर जाते. अशा विषयाला स्मृती, पत्रे, जुनी छायाचित्रे आणि आजचे स्थळ यांच्या आधारे माहितीपटाचे रूप देणे हा पर्याय असतो.

विज्ञानकल्पिका खर्चिक मानली जाते. तथापि जॉर्ज लुकास यांनी कॅलिफोर्नियातील विद्यापीठात शिकत असताना १९६७ मध्ये केलेला लघुपट नेपथ्य न उभारता बोगदे, वाहनतळ आणि संगणक असलेल्या खोल्या अशा खऱ्या जागांत चित्रित झाला होता. त्यावरून पुढे १९७१ मध्ये पूर्ण लांबीचा 'टीएचएक्स ११३८' निघाला.

उल्लेखनीय उदाहरणे

'गिरणी' : उमेश कुलकर्णी यांच्या या लघुपटात घरात आलेली पिठाची गिरणी आणि एक लहान मुलगा यांचे नाते आहे. आरंभी अप्रूप वाटणारे यंत्र हळूहळू त्याच्या खेळावर, झोपेवर आणि मित्रांतील स्थानावर अतिक्रमण करते. मध्यमवर्गीय घरातील आर्थिक ओढाताण हा विषय यात एका वस्तूच्या आवाजातून मांडला आहे. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कुलकर्णी यांनी पुढे 'वळू' (२००८) हा विनोदी आणि 'विहीर' हा चिंतनशील चित्रपट करून भिन्न प्रकार हाताळले.

'पिस्तुल्या' : मूळचे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयातील संज्ञापन अभ्यासक्रमाचा भाग म्हणून हा सुमारे पंधरा मिनिटांचा कथापट केला. शाळेची ओढ असलेला पारधी समाजातील मुलगा हा त्याचा नायक आहे. या विषयावर आकडेवारीचा माहितीपट करणे शक्य होते. कथापट निवडल्यामुळे समाजाच्या स्थितीऐवजी एका मुलाची इच्छा केंद्रस्थानी आली. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागात दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला. त्यातील बालकलाकार सूरज पवार पुढे 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) या चित्रपटांतही दिसला. महानगराबाहेरील महाविद्यालयाचा प्रकल्प राष्ट्रीय पातळीवर पोहोचू शकतो, याचे उदाहरण म्हणून 'पिस्तुल्या'चा उल्लेख केला जातो.

'बाई' आणि 'पाणी' : सुमित्रा भावे या चित्रपटाचे शिक्षण घेतलेल्या नव्हत्या, त्या समाजशास्त्रीय संशोधन करत होत्या. संशोधनातील निष्कर्ष ज्या स्त्रियांविषयी आहेत त्यांच्यापर्यंत अहवालाच्या रूपात पोहोचत नाहीत, या जाणिवेतून त्यांनी 'बाई' (१९८५) आणि 'पाणी' (१९८७) हे लघुपट केले. विषयाआधी प्रेक्षक ठरवून त्यानुसार प्रकार निवडण्याचे हे उदाहरण आहे.

'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो' : चिदानंद नाईक यांनी पुण्याच्या संस्थेतील एक वर्षाच्या दूरचित्रवाणी अभ्यासक्रमात हा कन्नड लघुपट केला. म्हातारीने कोंबडा पळवल्याने गावात उजाडतच नाही, या लोककथेवर तो आधारलेला असून कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात २०२४ मध्ये त्याला पहिले पारितोषिक मिळाले. चित्रीकरणाचे मोजके दिवस आणि रात्रीचेच वातावरण या मर्यादा लोककथेच्या निवडीने चित्रपटाच्या उपयोगी पडल्या.

हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्यातील पाच तालुके होत. येथील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. चित्रपटगृहे, ध्वनिमुद्रणगृहे आणि साहित्य भाड्याने देणारे व्यावसायिक पुण्या-मुंबईच्या तुलनेत दूर असल्याने येथे प्रकाराची निवड परिसरातील उपलब्ध गोष्टींवर अधिक अवलंबून राहते.

हळद : जिल्ह्याचे हे प्रमुख नगदी पीक असून वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वसमत येथे बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हळद संशोधन केंद्र असून हिंगोलीत संत नामदेव यांच्या नावाचा हळद बाजार भरतो. लागवड मे-जूनमध्ये आणि काढणी साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंत होते. काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश आणि लिलाव हे सर्व टप्पे दुसऱ्या सत्रातच येतात. वाफेचे ढग, पिवळीधमक पटांगणे आणि यंत्रांचा खडखडाट यांमुळे ही प्रक्रिया निरीक्षणप्रधान माहितीपटाला अनुकूल आहे. मात्र चित्रण केवळ रंगांपुरते राहिले तर ते जाहिरातीसारखे होते. काढणीची मजुरी, शिजवणीचा खर्च आणि लिलावात पुकारला जाणारा भाव यांचा हिशेब एका कुटुंबाच्या नजरेतून दाखवला, तर शेवटचा पुकारा हाच चित्रपटाचा उत्कर्षबिंदू ठरू शकतो.

संतपरंपरा आणि लोककथा : नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढा नागनाथ येथील हेमाडपंती मंदिराविषयी, नामदेव मागील बाजूस कीर्तन करीत असता देऊळच फिरले, अशी आख्यायिका सांगितली जाते. संपूर्ण संतचरित्र विद्यार्थी प्रकल्पात पेलणारे नाही. परंतु ही एकच आख्यायिका बाहुल्या, कागदी कात्रणे किंवा सावल्यांच्या साहाय्याने सचेतपटात मांडता येते. देऊळ फिरताना दाखवणे कॅमेऱ्याला अवघड, पण कागदाला सोपे आहे. मंदिरातील प्रत्यक्ष चित्रीकरण करावयाचे असल्यास संबंधित व्यवस्थापनाची परवानगी लागते.

दसरा महोत्सव : हिंगोलीच्या रामलीला मैदानावरील दसरा महोत्सवाला दीड शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. गर्दीत कथापटाचे प्रसंग घेताना लोक कॅमेऱ्याकडे पाहतात आणि पुनर्चित्रण शक्य नसते. त्यामुळे अशा जागी माहितीपट, किंवा एकाच पात्राचा गर्दीतून माग काढणारा अल्पसंवादी कथापट श्रेयस्कर ठरतो.

स्थलांतर : मराठवाड्यातील ऊसतोड कामगार कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. महाविद्यालयीन सत्राच्या मोठ्या काळात ती गावात नसतात. माहितीपट करावयाचा तर फडापर्यंत जावे लागते. गावातच राहायचे असेल तर मागे राहिलेली आजी, नातवंडे आणि बंद घरे यांवरचा कथापट हा मार्ग उरतो. येथे 'नसलेली माणसे' हाच चित्रपटाचा विषय होतो.

भाषा : जिल्ह्यात मराठवाडी बोलीबरोबर विदर्भाला लागून असलेल्या पट्ट्यात वऱ्हाडी वळणाची मराठी, तांड्यांवर गोरबोली आणि शहरात दखनी उर्दू ऐकू येते. विनोदी लघुपटात बोली केवळ हसण्यासाठी वापरण्याची सवय दूरचित्रवाणीमुळे रुजली आहे. पात्राचे दुःखही त्याच बोलीत व्यक्त झाले, तर हा दोष टळतो.

कथेचे हक्क आणि परवानग्या

भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत साहित्यकृतीचे हक्क अबाधित राहतात. त्यामुळे हरी नारायण आपटे (निधन १९१९) किंवा नाट्यछटाकार दिवाकर (निधन १९३१) यांच्या कृतींवर परवानगीशिवाय चित्रपट करता येतो. आपट्यांची 'काळ तर मोठा कठीण आला' ही दुष्काळकथा आणि दिवाकरांच्या एकपात्री नाट्यछटा या दृष्टीने उपयुक्त आहेत. भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल'सारख्या अलीकडील कथेसाठी हक्कधारकाची लेखी संमती आवश्यक ठरते. चित्रपटगीते पार्श्वसंगीत म्हणून वापरल्यास चित्रपट महोत्सवांत पाठवताना अडचण येते. सर्वसामान्य सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२ च्या चित्रपटविषयक कायद्याखालील प्रमाणपत्राची तरतूद लागू होते.

चित्रित माणसांचा प्रश्न

प्रकाराची निवड ही नैतिक निवडही असते. शेतकरी आत्महत्या, बालविवाह, व्यसन किंवा जातीय छळ या विषयांवरील माहितीपटात व्यक्तीचा चेहरा, गाव आणि नाव कायमचे नोंदले जाते. विद्यार्थ्याचा प्रकल्प गुणपत्रिकेबरोबर संपतो. चित्रित कुटुंबाला मात्र त्याच गावात राहायचे असते. भ्रमणध्वनीवरून चित्रफीत क्षणार्धात पसरत असल्याने हा धोका वाढला आहे. बालपीडितांची ओळख उघड करण्यास कायद्यानेही मनाई आहे. अशा वेळी कथापट, सचेतपट किंवा केवळ आवाज व वस्तू यांवर आधारलेला चित्रपट ओळख झाकून अनुभव पोहोचवू शकतो.

कथापटही या जबाबदारीतून सुटत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसह अनेक समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी गुन्हेपटांतील पात्ररचनेत तो शिक्का टिकून राहिला. गुन्हेपट निवडणाऱ्या विद्यार्थ्याला प्रकाराच्या तयार संकेतांबरोबर असे तयार पूर्वग्रहही मिळतात. ते तपासल्याशिवाय उचलले की चित्रपट अन्यायाचा भाग बनतो.

प्रकारसंकर आणि आक्षेप

प्रकार आधी ठरवण्याच्या पद्धतीवर आक्षेपही घेतले जातात. प्रकाराच्या चौकटीमुळे विद्यार्थी पाहिलेल्या चित्रपटांची नक्कल करतो, त्याने विषयापासून निघावे आणि रूप आपोआप सापडू द्यावे, असा एक पक्ष आहे. प्रकाराचे संकेत ठाऊक असल्याशिवाय ते मोडताही येत नाहीत आणि शिकाऊ अवस्थेत मर्यादा उपकारकच असते, असे दुसरा पक्ष मानतो. व्यवहारात अनेक चित्रपट संकररूप असतात. माहितीपटात नाट्यीकृत प्रसंग येतात आणि कथापटात खरी जत्रा. अशा वेळी काय घडलेले आहे आणि काय घडवलेले आहे, याबाबत प्रेक्षकाची दिशाभूल होऊ नये, ही अपेक्षा दोन्ही पक्षांना मान्य आहे.

अध्यापनात एक सोपा सराव उपयोगी पडतो. एकच विषय एका वाक्यात लिहून त्याची तीन प्रकारांत प्रत्येकी दहा ओळींची रूपरेषा करायची आणि प्रत्येकीसमोर लागणारे दिवस, माणसे, जागा व परवानग्या नोंदवायच्या. ज्या रूपरेषेत विषयाचा गाभा शिल्लक राहतो आणि यादी आवाक्यात राहते, ती निवडली जाते.

हेही पाहा

भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था
माहितीपट
लघुपट
एकांकिका
नागराज मंजुळे
उमेश कुलकर्णी
सुमित्रा भावे
हिंगोली जिल्हा